ठोंब्या आणि माझा उजवा पाय

४ फेब्रुवारी

आज जेवताना माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. आता ते परत घेता येत नाही, म्हणून निदान इथे तरी रडून घेते.

मामंजींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याला बरेच दिवस झाले. चालतात, जिना चढतात, पण डॉक्टरांनी बजावलंय की मोटरसायकलची किक मारायची नाही, या जन्मात नाही. मोटरसायकल म्हणजे मागच्या शेडमधली ती जुनी, एका सिलिंडरची. घरात तिला ठोंब्या म्हणतात, कारण मनात नसलं की तो जागचा हलत नाही. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून तो या घरात आहे. मामंजी मोजणी खात्यात होते. साखळ्या आणि दुर्बीण बांधून त्यांनी याच गाडीवरून फिरून अख्खा मुलूख मोजला. निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी ठोंब्याची धकधक ऐकूनच आमची गल्ली उठायची.

नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या एका हॉटेलवाल्याला ठोंब्या हवाय. चालवायला नाही, हॉटेलच्या दारात काचेमागे उभा करायला, वरून दिवे सोडून. नवरा म्हणाला, शेडमध्ये गंजत पडण्यापेक्षा बरं. मामंजींनी आधी हातातला घास संपवला. मग म्हणाले, एप्रिलात जुन्या गाड्यांची टेकडीवर सफर असते. त्या सकाळी घरातल्या कुणाच्याही पायानं ठोंब्या चालू झाला तर तो इथेच राहील. नाही झाला तर खुशाल न्या.

नवऱ्यानं छताकडे पाहिलं. कॉलेजात असताना ठोंब्याच्या उलट्या किकेनं त्याचा घोटा मोडला होता, तेव्हापासून तो शेडकडे पाठ करूनच कपडे वाळत घालतो. सासूबाईंनी डाव भांड्यात ठेवला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी बोलले.

"मी मारते किक."

कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

मी लॅबमध्ये कवळ्या करते. दिवसभर मेण, साचे, एकेक दात चिमट्यानं बसवणं. हातांवर माझा पूर्ण भरवसा आहे. पायांना मात्र मी आजवर चपला घालण्यापलीकडे कधी काही काम सांगितलेलं नाही.

९ फेब्रुवारी

पहिला धडा. मामंजी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले, मी साडी सोडून नवऱ्याची जुनी पँट घातली.

आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग कार्बोरेटरवरचं बारीक बटण दाबून धरायचं, पेट्रोलचा थेंब बाहेर आला की सोडायचं. मग किकवर पाय ठेवून सावकाश दाबायचं. आधी मऊ जाते, मऊ जाते, आणि एकाएकी खालून कुणीतरी पाय अडवतं. मामंजी म्हणाले, तो पिस्टन, हवा कोंडून वर येऊन बसलाय, त्याच्याशी भांडायचं नाही. डाव्या मुठीजवळ एक छोटी दांडी आहे, ती ओढली की कोंडलेली हवा सुटते. तेवढ्यात किक बोटभर पुढे सरकवायची, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग पाय तळापर्यंत सोडायचा, मध्ये कुठेही न थांबता.

"लाथ मारायची नाही," ते म्हणाले. "लाथ गाढव मारतं. पाय सोडायचा."

मी लाथ मारली. ठोंब्यानं ती व्याजासकट परत केली.

नडगीवर वांग्याएवढं टेंगूळ आलंय. नवऱ्यानं मलम लावलं.

११ फेब्रुवारी

लॅबचा जिना खेकड्यासारखा तिरका चढले. व्यायाम सुरू केलाय, असं सगळ्यांना सांगितलं. खोटं कुठे आहे?

१७ फेब्रुवारी

मामंजींची शिकवण्याची तऱ्हा मला खटकायला लागलीय. सांगत काही नाहीत, परीक्षाच घेतात.

हेडलाइटच्या डोक्यावर एक छोटी तबकडी आहे, तिच्यात काटा. पिस्टन नेमक्या जागी आला की काटा मध्ये येतो. मी किक दाबतेय आणि हे विचारताहेत, "काटा कुठे आहे?" डावीकडे, म्हटलं. "आता?" अजून डावीकडेच. "आता?" मध्ये आला. "मग वाट कुणाची बघतेस?" हे स्वतः तबकडीपासून हातभर अंतरावर उभे. पाहून सांगायला काय झालं होतं?

मग प्लग काढला. तळहातावर घेतला, अंगठा फिरवला, नाकाशी नेला, आणि पुन्हा मलाच प्रश्न: रंग कसला? काळा, म्हटलं. काळा म्हणजे काजळीसारखा कोरडा की डांबरासारखा ओला? मी चिडून म्हटलं, काजळीसारखा. तर म्हणाले शाब्बास, आणि कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवला.

जुन्या शाळेतले मास्तर असेच. उत्तर माहीत असतं, पण पोराच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

२३ फेब्रुवारी

झाला. चालू झाला.

मी लाथही मारली नाही आणि जोरही लावला नाही. खरं तर दमले होते आणि उरकून टाकायचं म्हणून पाय सोडला. धप्प झालं, मग एक खोकला, आणि मग धक... धक... धक. शेडचे पत्रे थरथरायला लागले. माझे दातही. मी दोन्ही हातांनी हँडल धरून उभी, जणू सोडलं तर तो पळून जाईल.

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, हाताला पीठ तसंच. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मामंजी मात्र खुर्चीत बसूनच होते, मान थोडी तिरकी, डोळे मिटलेले. मग म्हणाले, "वाल्व्ह जरा वाजतोय. बाकी झकास आहे."

मी रात्री दुकान बंद करून आलेल्या नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, चालू झाला हे चौकापर्यंत ऐकू आलं. गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देता देता तो म्हणे चुकून हसला.

२ मार्च

नवीन फर्मान. चालू करणं हे अर्धंच काम, चालवायलाही यायला हवं. मी वाद घातला. ठरलं होतं किक मारायचं. किक मी मारेन, चालवाल तुम्ही. तर म्हणाले, गुडघ्याला अजून वेळ लागेल, आणि तोवर गाडी नुसती उभ्या उभ्या चालवली तर बिघडते. तुझं लायसन्स आहे ना? लायसन्स आहे. लग्नाआधी भावाच्या नादानं काढलेलं, फोटोत मी दोन वेण्यांत.

गोदामामागच्या मोकळ्या मैदानात गेलो. माझ्या स्कूटरला गियरच नाहीत. ठोंब्याला आहेत, तेही उजव्या पायात, आणि ब्रेक डाव्या. थांबायच्या वेळी मी गियर टाकला आणि आम्ही दोघं मिळून गोणपाटांच्या ढिगात गेलो. मामंजी मागच्या सीटवर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला आज कळलं.

ओरडत नाहीत, हे मात्र खरं. खांद्यावर थाप मारतात. "ऐक. दम लागलाय त्याला. खालचा टाक." मी ऐकते, मला सगळं सारखंच ऐकू येतं. त्यांना मात्र त्यातली प्रत्येक खोड वेगळी कळते.

९ मार्च

विशेष काही नाही. मैदानात आठाचा आकडा काढता आला. 

सासूबाईंना हल्ली मोठ्यानं पेपर वाचायचा नाद लागलाय. सकाळी चहा झाला की मामंजींच्या शेजारी बसून अग्रलेखापासून निधनवार्तेपर्यंत सगळं वाचून दाखवतात. पूर्वी त्या पेपराला हात लावायच्या त्या फक्त फळीवर अंथरायला. वयानुसार माणसाला बोलावंसं वाटतं, एवढंच.

मामंजीही विचित्र वागतात. मुलाचं औषधांचं दुकान असताना आज पार स्टेशनजवळच्या दुकानातून छोटी पुडी घेऊन आले. काय आणलंत, तर खोकल्याच्या गोळ्या. खोकताना त्यांना मी या वर्षात पाहिलेलं नाही. बापलेकांचं काहीतरी बिनसलंय की काय, कोण जाणे.

१५ मार्च

आजचं लिहूच नये असं वाटतंय.

मामंजी म्हणाले, आज रस्त्यावर. मी निघाले, मामंजी मागच्या सीटवर. पेट्रोलपंपापर्यंत उत्तम. मग मोठ्या चौकात सिग्नल लागला आणि ठोंब्या बंद पडला. मी उतरले, किक मारली. काही नाही. सिग्नल हिरवा झाला, मागे हॉर्न सुरू झाले. काटा पाहायचं विसरले, दांडी ओढायचं विसरले, लाथा मारत सुटले. सिग्नल पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. शेजारी बस उभी होती. खिडक्यांतून इतके चेहरे बघत होते की त्यातल्या प्रत्येकाची कवळी मी बसवू शकले असते. एका माणसानं आपुलकीनं विचारलं, घरी पुरुष माणूस नाही का कुणी? पुरुष माणूस फूटपाथवर उभा होता आणि एकच वाक्य परत परत म्हणत होता, "गडबडू नकोस."

शेवटी ढकलत आणला. अख्खा बाजार ओलांडून. घामानं डबडबलेली मी पुढे, आणि मागून एका हातानं सीट धरून मामंजी.

मी शेडला कडी घातली आणि म्हटलं, माझ्यानं होणार नाही. ते नुसतं "बरं" म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं.

१८ मार्च

शेडकडे गेले नाही. आज नवरा म्हणाला, जाऊ दे गं, हॉटेलवाल्याला हो म्हणून टाकतो. तू प्रयत्न केलास, कुणी तुला काही म्हणणार नाही.

"प्रयत्न केलास" ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चुकीची कवळी दिली आणि डॉक्टरांना म्हटलं की मी प्रयत्न केला, तर पेशंट काय प्रयत्नानं चावणार आहे? मी त्याला म्हटलं, एप्रिलपर्यंत तोंड उघडायचं नाही. तो चक्क खूश दिसला. या माणसाचा मला कधीकधी पत्ता लागत नाही.

मग मामंजींच्या खोलीच्या दारात जाऊन विचारलं, गरम गाडी का सुरू होत नाही? ते जणू त्या प्रश्नाचीच वाट पाहत होते. म्हणाले, तापलेल्या गाडीला पुन्हा पेट्रोल पाजायचं नसतं, तू घाबरून बटण दाबत बसलीस. पोट भरलेल्या माणसाला आग्रह करून वाढलं तर तो काय करेल? ॲक्सिलरेटर पूर्ण उघडायचा, दांडी ओढून धरायची, चारपाच किका नुसत्या हवेच्या मारायच्या. घसा मोकळा झाला की मग नेहमीसारखं.

२४ मार्च

मामंजींना मागे बसवून मुद्दाम त्याच चौकात गेले. सिग्नलला मुद्दाम बंद केला. घसा मोकळा केला, पाय सोडला. दुसऱ्या किकेला चालू. आज बघायला बसच नव्हती. जेव्हा प्रेक्षक हवेत तेव्हा नसतातच.

७ एप्रिल

टेकडीची सफर.

सकाळी मैदानात पंचवीसेक जुन्या गाड्या, सगळ्या एका सिलिंडरच्या. सफर घडवून आणतात ते घड्याळवाले काका. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि मामंजींचे ते तरुणपणापासूनचे दोस्त. नियम त्यांचाच: झेंडा पडला की प्रत्येकानं आपली गाडी किक मारून चालू करायची, ढकलायची नाही. जी राहील ती टेम्पोत.

झेंडा पडला. पहिली किक वाया गेली. आजूबाजूला एकेक गाडी भडकत होती, त्या आवाजात मला आमचा आवाज ऐकूच येईना. मग मी सगळं सोडून काट्याकडे पाहिलं. मध्ये आला. पाय सोडला. हँडल हातात थरथरलं तेव्हा कळलं की चालू झालाय.

आता मामंजी पुढे बसणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही थोडं वाटलं. ते शांतपणे मागे चढून बसले आणि खांद्यावर थाप मारली.

चढ लांब होता, वळणावळणाचा. दुसऱ्या गियरमध्ये ठोंब्या असा काही चढला की प्रत्येक धक्का रस्त्यातून माझ्या पाठीच्या कण्यात येत होता. गार वारा, खाली झाडं, मागे-पुढे सगळ्या म्हाताऱ्या गाड्यांचा ताल. मी गाऊ लागले होते म्हणे. मला आठवत नाही, मामंजींनी सांगितलं, आणि बेसूर होतं हेही सांगितलं.

माझ्या मनात एक बेत होता. वर पोचलो की किल्ली त्यांच्या हातात द्यायची, उतारावर किक लागत नाही, फक्त चालवायचं. चहा झाल्यावर मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली, बोटांत फिरवली आणि परत माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, आज वारा फार आहे. वारा होता, पण या माणसानं वादळात डोंगर मोजलेत.

तेवढ्यात काही मंडळी कठड्याशी आली आणि म्हणाली, मोजणीदार, दाखवा जरा आपला मुलूख. मामंजी पुढे झाले. हात लांब केला आणि सांगायला लागले: ही नदी, हा जुना पूल, पुलापासून सरळ वर गेलं की शाळेचं लाल छप्पर, आणि पुलाच्या डाव्या हाताला ते वीटभट्टीचं उंच धुराडं, बघा किती लांबून दिसतं.

मी धुराडं शोधत होते. पुलाच्या डाव्या हाताला निळ्या पत्र्याची लांबलचक गोदामं होती. धुराडं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घड्याळवाले काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ते गेल्या साली पाडलं."

मामंजी अजून हात लांब करून उभे होते.

तबकडीतला काटा. प्लगचा रंग. सासूबाईंचं पेपरवाचन. स्टेशनजवळचं औषधांचं दुकान. दोन दातांमधली केसाएवढी फट मला दिसते, त्यावर माझं पोट चालतं. आणि हे इतके दिवस माझ्यासमोर होतं.

मी म्हटलं, "हो, दिसतंय की. केवढं उंच आहे." घड्याळवाले काकाही म्हणाले, हो, हो.

उतरताना मी इतकी जपून चालवली की मामंजी मागून म्हणाले, अंडी घेऊन चाललीयेस का?

८ एप्रिल

सकाळी ते मागच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, कधीपासून?

त्यांनी हातातला चहाचा कप पायरीवर ठेवला. मग सांगितलं. काचबिंदू. एक डोळा गेल्यात जमा, दुसऱ्यात धुकं. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधीपासून. स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले, थेंब घालतात, कधी विसरतात. सासूबाईंना माहीत आहे. मुलाला सांगायचं नाही अशी त्यांना शपथ घातली होती. म्हणजे टेकडीवर आपण गाडी चालवणार नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मला रडू आलं आणि रागही. म्हटलं, मला तरी सांगायचं होतं.

"तुला आधी सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तुम्ही सगळे मिळून माझी काळजी घेत बसला असतात. मग गाडी कोण शिकलं असतं?"

मी त्यांना सांगितलं की धुराडं पाडलंय. त्यांनी मान हलवली. विचारलं, मग तिथे आता काय आहे? मी गोदामांचं सांगितलं, पत्र्यांचा निळा रंग कसला ते सांगितलं, नदीला पाणी किती होतं ते सांगितलं. ते मध्ये मध्ये प्रश्न विचारत गेले आणि चहा गार झाला.

१९ एप्रिल

मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, चौघंही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येईल, पण थेंब चुकवायचे नाहीत. आता थेंबांचा ताबा नवऱ्याकडे आहे. दुकानातून वेळेवर उठून येतो आणि बापाला मान वर करायला लावतो. मामंजी कुरकुरतात की हा फार थेंब घालतो, याला मापच कळत नाही. मापाविषयी त्यांनी बोलावं हे ठीकच आहे.

हॉटेलवाल्याला नवऱ्यानं स्वतःच नाही म्हणून सांगितलं. वर मला विचारलं, मागच्या सीटवर बसलं तर घोट्याला काही होत नाही ना? बसवलं. गल्लीच्या टोकापर्यंत डोळे मिटून बसला होता, परत येताना एक उघडला.

२८ एप्रिल

आज पहिल्यांदा एकटी गेले. मागे कुणी नाही, खांद्यावर थाप नाही. लॅबपर्यंत. पहिल्याच किकेला चालू झाला. लॅबमधले सगळे हातातली कामं टाकून बाहेर आले. एकीच्या हातात तर कुणाचीतरी वरची कवळी तशीच होती.

घरी आले तेव्हा मामंजी झोपले होते. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता सांगितलं. मी गेल्यावर ते फाटकाशी उभे होते. आत चला म्हटलं तर ऐकेनात. मान तिरकी करून त्यांना एकेक सांगत होते: दुसरा टाकला. आता तिसरा. आता पंपाचं वळण, हं, खालचा घेतला, शहाणी आहे. आता चौथा, जरा लवकर टाकला. सासूबाईंना म्हणे नुसतं धकधक ऐकू येत होतं, आणि चौकानंतर तेही नाही. तरी ते उभेच.

"मी विचारलं, आता काय ऐकताय?" सासूबाई म्हणाल्या. "तर म्हणाले, काही नाही. गेली. नीट गेली."